हिवाळ्याची बेगमी

तुम्ही विचारलंत म्हणून. "एडीएचडीची गोळी चालू आहे ना तुझी? मग दर नोव्हेंबरात कुठे गायब होतेस?" स्टॉकहोमच्या मराठी मंडळींचा हा ठरलेला प्रश्न. (एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि कामाला हात घालणं अवघड करणारी मेंदूची ठेवण.) रत्नागिरीहून आत्या तोच तिच्या पद्धतीने विचारते, "थंडी बाधते का गं तुला?"

थंडी नाही बाधत. जानेवारीत पारा शून्याखाली असतो, पण बर्फावरून उजेड परततो आणि मी बऱ्यापैकी माणसात असते. खरा वैरी नोव्हेंबर: ओला, करडा, बिनबर्फाचा. डिसेंबरच्या 21 तारखेच्या सुमारास इथे सूर्य पावणेनऊला उगवून पावणेतीनला मावळतो. रत्नागिरीतला वर्षातला सगळ्यात लहान दिवसही 11 तासांचा असतो. नॉर्मन रोझेंथल हे डॉक्टर जोहान्सबर्गहून न्यूयॉर्कला आले आणि तिथल्या हिवाळ्यात स्वतःच मरगळले. पुढे 1984 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर या ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. उन्हातून आलेल्या माणसाच्या हे लक्षात यावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

यातलं एडीएचडी कुठलं आणि नैराश्य कुठलं, हेही विचारता. एडीएचडी बारमाही आहे. जूनमध्येही माझ्या किल्ल्या हरवतात, पण तेव्हा मी एकाच वेळी दहा कामं उत्साहाने काढून बसलेली असते. करायचं असतं, फक्त हात लागत नाही. नोव्हेंबरात करावंसंच वाटत नाही. दहा तास झोपूनही डोळे मिटतात आणि भात, बटाटा, गोड यापलीकडे जीभ काही मागत नाही.

घोळ असा की या नैराश्यावरचे सगळे उपाय नेमाचे आहेत. रोज सकाळी ठरल्या वेळी दिव्यासमोर बसा, रोज दुपारी चाला, रोज वेळेवर झोपा. आणि 'रोज' हीच तर माझी जन्माची अडचण! त्यात एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणांचं झोपेचं घड्याळ मुळातच मागे पडलेलं असतं, काळोखी सकाळ ते आणखी मागे ढकलते.

म्हणून मी नोव्हेंबरच्या भरवशावर काहीच ठेवत नाही. आजी पावसाळ्याआधी मे महिन्यातच पापड, सांडगे, लाकूडफाटा भरून ठेवायची, तशी माझी बेगमी सप्टेंबरात होते, डोकं ठिकाणावर असताना. डॉक्टरांची वेळ तेव्हाच घेते. 10,000 लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवा माळ्यावरून काढते आणि टायमरला जोडून स्वयंपाकघरातल्या टेबलावर कायमचा मांडते. तो आपोआप लागतो, मी समोर बसून पोहे खाते. दिव्यात टक लावून बघायचं नसतं, डोळे उघडे असले की झालं. साधारण अर्धा तास पुरतो, पण अंतर महत्त्वाचं, कारण जरा लांब सरकलं की उजेड झपाट्याने कमी होतो. माझ्यासारखीला दर पाच मिनिटांनी उठायचं असतंच, म्हणून चहा, फोन, चार्जर सगळं हाताच्या अंतरावर. (बायपोलर, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी नैराश्यात जाण्याचा आजार असेल किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा आणू नका.)

दुपारचं फिरणं मैत्रिणीच्या गळ्यात घातलंय. ती बरोबर बाराला खाली येऊन उभी राहते. तिला थंडीत ताटकळत ठेवायची लाज वाटते, म्हणून मी उतरते. स्वतःसाठी उतरले नसते. ढगाळ आकाशाखालीही ऑफिसातल्या दिव्यांच्या कितीतरी पट उजेड मिळतो.

तीनच्या सुमाराला मात्र अवघड जातं. सकाळच्या गोळीचा अंमल ओसरायला आणि बाहेर काळोख पडायला एकच गाठ पडते. उशिरा आणखी गोळी घेतली तर रात्रीची झोप जाते. त्या वेळेत मी डोक्याची कामं ठेवतच नाही. बिलं, भांडी, कपड्यांच्या घड्या, बस. घर आरशासारखं असावं, हा हट्ट मार्चपर्यंत सोडलेला आहे, पाहुण्यांनी समजून घ्यावं.

आणि हे सगळं करूनही 'आपण नसलो तर बरं' असलं काही मनात डोकावलं, तर दिवा आणि पोह्यांवर विसंबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, हे नवऱ्याला सांगून ठेवलंय. फोन तो लावणार. मला तेव्हा नंबरही शोधवणार नाही.

"मग सरळ दोन महिने इकडे ये की," आत्या म्हणते. दिवाळीला धरून जाते तेव्हा खरंच बरं वाटतं, पण ते बरं वाटणं इथे परतल्यावर फार टिकत नाही. म्हणून निघतानाही टायमर चालूच ठेवते. रिकाम्या घरात दिवा जळतो, वीज वाया जाते, नवरा कुरकुरतो. पण एकदा बंद केला की मी तो परत लावणार नाही, हे आता त्यालाही माहीत आहे.