फवारणी करणाऱ्यानेच बांधलेलं विमान : लेलंड स्नो

फवारणीचं विमान पारखायचं तर आधी औषधाची टाकी कुठे आहे ते बघावं. पुढे इंजिन, त्यामागे टाकी आणि तिच्यामागे जरा उंचावर वैमानिक. विमान आपटलंच, तर नाकाकडचा भाग आधी चेपतो आणि भरलेली टाकी वैमानिकाच्या पाठीवर येत नाही. टाकी गुरुत्वमध्याजवळ असल्याने औषध संपत जातं तसा तोलही फारसा ढळत नाही.

टेक्सासच्या लेलंड स्नो यांना हे सगळं शेतावर उडून कळलेलं होतं. त्यांचं पहिलं विमान एस-१ उडालं १९५३ साली, तेव्हा ते २३ वर्षांचे होते. त्या काळी लष्कराने काढून टाकलेली, दुहेरी पंखांची प्रशिक्षण विमानं या कामाला जुंपलेली असत. स्नो यांनी १९५७ पर्यंत एस-१ घेऊन टेक्सासमध्ये आणि निकाराग्वात स्वतः फवारणी केली. पुढच्या प्रत्येक विमानात मला तीच वर्षं दिसतात.

१९५८ पासून टेक्सासमधल्याच ऑल्नी या छोट्या गावात त्यांच्या पुढच्या विमानाचं, एस-२चं, उत्पादन सुरू झालं. १९६५ मध्ये त्यांनी कंपनी रॉकवेल-स्टँडर्डला विकली, तिथेच उपाध्यक्ष झाले आणि १९७० मध्ये बाहेर पडले. मग दोन वर्षं नवं विमान आखण्यात घालवली. त्यातून ‘एअर ट्रॅक्टर’ ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीला तिच्या विमानांना जुनी रेडियल, म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारखे सिलिंडर मांडलेली, पिस्टन इंजिनं होती. १९७७ मध्ये टर्बाइनचं, म्हणजे गरम वायूच्या झोताने फिरणाऱ्या इंजिनाचं, एटी-३०२ आलं. टर्बाइन वजनाला हलकं आणि भरवशाचं, शिवाय जुन्या रेडियलचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत होते. २००८ मध्ये त्यांनी कंपनी कामगारांच्या मालकीची केली. २०११ मध्ये ते गेले.

त्यांच्या एटी-८०२ची टाकी ८०० गॅलनची, म्हणजे सुमारे ३,०३० लिटरची. हेक्टरी ३० लिटर, वेग ताशी २०० किलोमीटर आणि एका फेरीत भिजणारा पट्टा २० मीटर रुंद धरा. तिघांचा गुणाकार करून ६०० ने भागलं की मिनिटाला २०० लिटर येतात. ४० नोझल असतील तर प्रत्येकी ५ लिटर. टाकी पंधरा मिनिटांच्या फवारणीत रिकामी होते आणि शंभर हेक्टर उरकतं.

बिघडतं ते इथे: नोझल बसवलेली फवारणीची नळी पंखाच्या टोकापर्यंत नेली, तर टोकाशी उठणाऱ्या भोवऱ्यात बारीक थेंब सापडतात आणि शेजारच्या रानात जातात. म्हणून नळीची लांबी पंखांच्या एकूण लांबीच्या पाऊणपट किंवा त्याहून कमी ठेवतात आणि पिकावर तीन-चार मीटर उंचीवरून उडतात. वारा अजिबात नसलेली पहाट सोयीची वाटते, पण ती फसवी. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात आणि झुळूक आली की भलतीकडे जातात. धूर सोडून बघावा. तो वर न जाता आडवा पसरला तर थांबावं. विजेच्या तारा मात्र उडण्याआधीच हेरून ठेवाव्या लागतात. वळताना नजर पुढच्या पट्ट्यावर असते, तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि गंज. औषध सांगाड्याच्या सांध्यांत मुरतं, बाहेरून काही कळत नाही, आत सांगाड्याची पोलादी नळी खात बसतं. एअर ट्रॅक्टरच्या बाजूचे मोठे पत्रे झटपट निघतात ते यासाठीच. काम संपलं की पत्रे काढायचे, आतून पाणी मारायचं, सांधे बोटाने चाचपायचे, पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच पत्रे बसवायचे.