बॉनेटवरचा डाग आणि ‘पर्यावरणीय कारण’ हा शेरा

पक्ष्याची विष्ठा बॉनेटवर पडली, याबद्दल कोणाकडे तक्रार करता येत नाही. ती पुसल्यावर मात्र खाली नखाएवढा, मध्ये किंचित खोलगट आणि कडेला फुगीर कडे असलेला डाग उरला आणि तो कोणाच्या खात्यावर मांडायचा, या प्रश्नापायी सर्व्हिस सेंटरच्या पेंट विभागात मला जे सोसावे लागले, ते आठवले की अजूनही चिडचिड होते. डाग प्रत्यक्षात निघाला तो चहा थंड होण्याइतक्या वेळात. त्याला हात लावण्याची मुभा मिळेपर्यंतचा काळ मात्र संपता संपत नव्हता.

वॉरंटीचा दावा दाखल करणे सोपे असेल, असे वाटले होते. पण अडचण फॉर्मपासूनच सुरू झाली. त्यात ओरखडा, पोचा, गंज आणि रंगाचे पोपडे एवढेच रकाने होते. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा सर्वांत वरचा पारदर्शक थर, रसायनाने खाल्ला गेला असेल, तर खूण कशावर करायची हे कोणालाच सांगता येईना. समोरच्या ॲडव्हायझरने ‘ओरखडा’ यावर खूण केली, मी ती खोडायला लावली, आणि शेवटी ‘इतर’ असे लिहून त्यापुढे ‘पर्यावरणीय कारण’ असा शेरा मारण्यात आला. तोवर कोणीही बॉनेटकडे नीट पाहिलेसुद्धा नव्हते. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात मोबाइलवर काढलेल्या फोटोत डाग दिसतही नव्हता. असा डाग दिसतो तो एकाच बाजूने, तिरप्या पडलेल्या टॉर्चच्या प्रकाशात. तेव्हा त्याचे कडे पाण्याच्या वाळलेल्या थेंबासारखे स्पष्ट उठून येते. शेवटी मीच टॉर्च धरला आणि फोटो पुन्हा काढायला लावले. आपला दावा करताना फोटो दुसऱ्यावर सोडू नयेत.

वॉरंटीच्या पुस्तिकेत आम्लवर्षा, झाडांचा चीक आणि पक्ष्यांची विष्ठा यांमुळे होणारे नुकसान वगळलेले असते, हे मला ठाऊक होते आणि त्याबद्दल माझा वाद नव्हता. पण ‘पर्यावरणीय’ हा शब्द असा वापरला जात होता, जणू रंगाच्या गुणवत्तेचा त्याच्याशी काही संबंधच नाही. कारखान्यात लावला जाणारा क्लिअर कोट पुष्कळदा ॲक्रिलिक आणि मेलामाइन यांच्या जोडणीतून तयार होतो आणि साधारण 140 अंश सेल्सिअसला भाजला जातो. या जोडणीतून बनलेली रेणूंची जाळी ओरखड्यांना चांगली तोंड देते, परंतु उष्णता, पाणी आणि आम्ल एकत्र आले की तिचे काही बंध तुटू लागतात. आयसोसायनेट या दुसऱ्या रसायनावर आधारलेला पॉलियुरेथेन थर आम्लापुढे अधिक टिकतो. म्हणजे एका गुणासाठी दुसऱ्याची थोडी किंमत मोजावी लागते, आणि ती किती मोजायची हे रंग बनवणारे ठरवतात. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे रंगाचे नमुने उन्हाळ्यात उघड्यावर ठेवून आम्लापुढे टिकण्याची नेमकी हीच परीक्षा वर्षानुवर्षे घेतली जाते. ज्या गोष्टीची परीक्षा होते, ती केवळ आकाशातून पडलेली आपत्ती कशी मानायची? हा प्रश्न मी विचारला आणि उत्तरादाखल मला ‘वर कळवतो’ असे सांगण्यात आले.

‘वर’ कळवल्यानंतरची प्रतीक्षा हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत संतापजनक भाग होता. निर्णय येईपर्यंत बाहेर कुठेही पॉलिश करायचे नाही, केले तर दावा बाद, अशी तंबी मिळाली होती. दर वेळी विचारले की फाइल कोणाकडे तरी पुढे गेलेली असे. मधल्या काळात मला दोन गोष्टी विकण्याचा प्रयत्न झाला. पहिली म्हणजे ‘9एच’ सिरॅमिक कोटिंग, क्लिअर कोटवर लावायचा एक संरक्षक लेप. हा आकडा पेन्सिल चाचणीतला असतो: ग्राफाइटची किती कठीण पेन्सिल पृष्ठभागाला ओरखडत नाही, एवढेच तो सांगतो. खनिजांच्या ज्या मोजपट्टीवर हिरा 10 वर असतो, तिच्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि धुताना फडक्यात अडकलेला वाळूचा कण पेन्सिलीची चौकशी करत बसत नाही. शिवाय ओरखडे टाळायला केवळ कठीणपणा पुरत नाही, लवचीकपणाही लागतो. निसानने 2005 मध्ये जाहीर केलेला क्लिअर कोट तर बारीक ओरखडे उष्णतेने स्वतःच भरून काढण्यासाठी मुद्दाम लवचीक ठेवलेला होता.

दुसरा प्रस्ताव अधिक घातक होता: संपूर्ण बॉनेट नव्याने रंगवण्याचा. दुरुस्तीच्या बूथमध्ये जोडलेली गाडी 140 अंशांवर भाजता येत नाही; प्लास्टिक आणि वायरिंगमुळे ती साधारण 60 अंशांच्या आसपासच ठेवावी लागते. नखाएवढ्या डागासाठी कारखान्यातला थर गमावायला मी तयार नव्हतो, आणि म्हणून मी जाडी मोजून मागितली. येथे गाडे खरोखर रुतले. जाडी मोजण्याचे यंत्र तेथे होते, ते वापरलेही गेले, पण आकडे ‘अंतर्गत वापरासाठी’ असल्यामुळे लिहून देता येणार नाहीत, असे मला गंभीर चेहऱ्याने सांगण्यात आले. माझ्याच बॉनेटचे आकडे माझ्यापासून गुप्त ठेवण्यात कोणाचे हित होते, ते मला अद्याप समजलेले नाही.

हे आकडे का महत्त्वाचे, ते सांगतो. ई-कोट (पत्र्यावरचा गंजरोधक पहिला थर), प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि क्लिअर कोट मिळून सगळा थर साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा 35 ते 50 मायक्रॉनच्या आसपास. साधे यंत्र एकूण जाडी दाखवते, क्लिअर कोट वेगळा दाखवत नाही. त्यामुळे पॉलिशच्या आधीचा आणि नंतरचा आकडा यांतील फरक हाच आपल्या हातातला एकमेव पुरावा असतो. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्ये असतात. तो जितका घासला जाईल, तितके ते संरक्षणही घटते.

अखेर एक जुने पेंटर तेथून जात असताना थांबले, डागावरून नख फिरवले आणि म्हणाले, “नख अडकत नाही, मग रंगवायचं कशाला?” त्यांनी डागाभोवतीचे आकडे जॉबकार्डाच्या मागे सरळ लिहून दिले. त्यानंतर कोणाचीही हरकत उरली नाही. वॉरंटी विभागाचा नकार त्याच सुमारास आला, अर्थात त्याच शेऱ्यासह, आणि मला काम सुरू करता आले याचाच आनंद अधिक झाला.

काम असे झाले. गरम पाण्यात भिजवलेले फडके डागावर ठेवल्यावर फुगीर कडे थोडे बसले. मग 3000 नंबरच्या पाणकागदाचे मोजके हात, कंपाउंड (घासून गुळगुळीत करणारी पेस्ट), पॉलिश, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे. ही शेवटची पायरी सोडू देऊ नये, कारण पॉलिशमधील तेलकट अंश ओरखडे तात्पुरते झाकतात आणि दोन धुण्यांनंतर ते ओरखडे पुन्हा डोके वर काढतात. आधी 124 असलेला आकडा 120 वर थांबला. हा फरक माझ्याजवळ लेखी आहे, याचा मला थोडा अभिमान वाटतो.

विष्ठेबद्दल आधीच सांगायला हवे होते ते असे: ती कोरडी घासायची नाही, कारण तिच्यात वाळू आणि बियांचे कण असतात. ओले फडके काही मिनिटे तसेच ठेवून ती मऊ झाली की उचलून घ्यायची. आम्लाइतकीच तिच्यातील पाचक विकरेही (एन्झाइम) क्लिअर कोट खातात आणि तापलेल्या बॉनेटवर हे काम झपाट्याने होते. गडद रंगाची गाडी उन्हात सहज 70 अंशांपर्यंत तापते. म्हणून रविवारच्या धुण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आणि डाग प्लास्टिकच्या बंपरवर असेल, तर जाडीच्या आकड्यांसाठी भांडू नका. पेंट विभागात सामान्यतः असणारे यंत्र फक्त धातूवरच चालते. तेथे नख आणि टॉर्च एवढ्यावरच भागवावे लागते.