दलदलीतला कापूस

खेळ मोबाइलवर टाकला भाच्यानं, मार्चमध्ये. त्याची गोडी लागली मात्र मे महिन्यात, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर. मधले दोन महिने मी नुसतीच मरत होते.

भाचा अकरावीला. शिकायला माझ्याकडं परभणीत असतो. मी कॉलेजात कॉमर्सच्या पोरांना पुस्तपालन शिकवते. "आत्या, तुला हिशेबच आवडतात ना? मग हा खेळ तुझ्यासाठीच आहे," असं म्हणत त्यानं अल्बियन ऑनलाइन डाउनलोड करून दिलं आणि स्वतः क्रिकेट बघायला निघून गेला. मला वाटलं, रंगीत गोळ्या फोडायच्या असतील, भाजी शिजेपर्यंत बऱ्या.

हा खेळ बर्लिनच्या सँडबॉक्स इंटरॅक्टिव्हनं जुलै 2017 मध्ये काढला. आमच्याकडं 2017 म्हटलं की कापसावरची गुलाबी बोंडअळीच आठवते. अण्णांनी त्या साली उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली होती. मोबाइलवर खेळ आला 2021 ला, आशियातल्या लोकांसाठी वेगळा सर्व्हर निघाला 2023 ला. एकाच मुलखात हजारो माणसं हिंडत असतात आणि त्यातलं एकही तुमच्यासाठी थांबलेलं नसतं. सुरुवातीला चार लाकडं तोडा, चार दगड फोडा, हत्यार बनवा, एवढं बोट धरून शिकवतात. मग आठवडी बाजारात पोराचं बोट सुटावं तसं सोडून देतात. पुढं काय करायचं ते कुणी सांगत नाही. मी पहिले दोन दिवस एका शहराच्या वेशीत उभी राहून येणारे-जाणारे घोडे बघत होते.

इथं योद्धा, जादूगार अशी जन्मजात वाटणी नाही, हे मला बरं वाटलं. अंगावर चढवाल ते तुम्ही. तलवार धरली तर शिपाई, विळा धरला तर कापणारीण. डेस्टिनी बोर्ड नावाचा शेकडो घरांचा एक पसारा आहे, त्यातलं एकेक घर काम करून करूनच उघडतं. बाजारातली हत्यारं-कपडे बहुतेक सगळे कुणा ना कुणा खेळाडूनंच बनवलेले. मी घेतलेल्या टोपीवर बनवणाऱ्याचं नाव होतं. भांड्यावर नाव घालायची आपल्याकडं रीत आहे ना, तसंच. फक्त इथं देणाऱ्याऐवजी घडवणाऱ्याचं.

पण मुलूख रंगांनी वाटलेला आहे. निळ्यात सहसा कुणी हात लावत नाही. पिवळ्यात आडवं पाडतात, पण गाठोडं तुमच्यापाशीच राहतं. लाल आणि काळ्यात मेलात की अंगावरचं, पिशवीतलं, सगळं गेलं. त्यातलं काही मोडून जातं, उरलेलं मारणारा उचलतो.

एप्रिलमध्ये चार रात्री जागून मी हेम्प गोळा केला. हेम्प म्हणजे भांगेच्या झाडाचा वाख. आईला हे सांगितलं नाही. थेटफर्डच्या दलदलीत तो कापायचा आणि लिमहर्स्टला न्यायचा, कारण तिथं कापड बनवलं की कच्च्या मालाचा जास्त हिस्सा परत मिळतो. शहरं गोलात मांडलेली आहेत, मधोमध कार्लियन. कडेकडेनं जायचं तर फोर्ट स्टर्लिंगवरून वळसा, मधून जायचं तर लाल पट्टा. मी मधून गेले. नकाशात जवळचा रस्ता दिसला की त्यात घुसायचं, ही माझी स्कूटीवरची खोड आहे.

ओझ्यासाठी या खेळात बैल मिळतो, खराखुरा शिंगांचा. चालतोही तसाच, कुणाच्या बापाला न भिता सावकाश. दोघंजण घोड्यावरून आले. पंधरा सेकंदसुद्धा लागले नसतील. मग त्यातल्या एकानं खाली लिहिलं, जीजी. मला वाटलं, शाहिराच्या मागं झीलकरी म्हणतात तसलं काही असेल, जी जी रं जी. भाच्यानं वाकून पाहिलं. "गुड गेम म्हणाला तो, आत्या."

चांगला खेळ! चार रात्रींचा हेम्प, बैल, विळा, नावाची टोपी. मी फोन फ्रीजवर ठेवला आणि तीन दिवस खेळाला हात लावला नाही. नंतरही लावला तो रागानं. सूड घ्यायला गेले आणि पुन्हा मेले.

मे महिन्यात अण्णा आले. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन, काळा चष्मा, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, धुळीत जायचं नाही. साठ वर्षं पहाटे उठून रान बघणाऱ्या माणसाला परभणीच्या उन्हाळ्यात कूलरसमोर नुसतं बसवून ठेवणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. पहिल्या दिवशी त्यांनी कॅलेंडरची मागची बाजू माझ्याकडून वाचून घेतली. दुसऱ्या दिवशी सोयाबीनचा भाव तीनदा विचारला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वैतागून फोन काढला.

"काय करायलीस?"

"खेळते, अण्णा."

"कशाचा खेळ?"

"कापसाचा," म्हटलं. थापच होती अर्धी, पण ते उठून बसले.

"कुठं पिकतो?"

"दलदलीत."

"चिबडात? आगं, चिबडात कापूस आठ दिवसांत मरून जाईल." थोडं थांबून, "वेचायला किती बाया?"

"बाया नाहीत. मी एकटीच, विळ्यानं कापते."

यावर बराच वेळ कूलरचाच आवाज होता. मग म्हणाले, "ज्यानं हा खेळ काढला ना, त्यानं कापूस फक्त सदऱ्यातच पाहिलाय."

तिथून सुरू झालं. त्यांना पडदा बघायचा नव्हता, म्हणून मी खेळत खेळत सांगायची आणि ते विचारायचे. कापूस आठांपैकी दुसऱ्या पायरीवर आहे, त्याच्या वर जवस, जवसाच्या वर हेम्प. "जवस कापसाच्या वर? कोणत्या मोंढ्यात?" सहाव्या पायरीवर रेडलीफ कॉटन, म्हणजे लाल पानांचा कापूस. "पानं लाल पडली म्हणजे लाल्या आला की. त्याला वर कामून बसवलाय?" मी नेटवर शोधून उत्तर देण्याच्या भानगडीत पडले नाही. लाल्यानं अण्णांचे किती क्विंटल गेले असतील, त्याचा हिशेब माझ्याकडं नाही.

हमीभाव नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, जणू हे अपेक्षितच होतं. आडत किती, विचारलं. मी फुकट खेळणारी, त्यामुळं विक्रीवर 8 टक्के कापतात आणि आपला भाव लिहून माल लावायचे 2.5 टक्के वेगळे. पैसे भरून प्रीमियम घेणाऱ्यांना 8 चे 4. "म्हणजे मोठ्याला सूट आणि लहानाला कात्री. बरोबर आहे." मग मुख्य प्रश्न आला. "चुकारा कधी?"

"लगेच. माल गेला की चांदी जमा."

"त्याच दिवशी?"

"त्याच मिनिटाला."

1972 ला सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीत, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा त्या योजनेत, अण्णांची सगळी उमेद गेली. चुकाऱ्यासाठी मारलेल्या खेपांवरच त्यांच्या निम्म्या गोष्टी आहेत. त्याच मिनिटाला, हे ऐकून ते काही बोलले नाहीत, पण माझ्या मते त्या क्षणी खेळ त्यांना पटला.

मग मी लाल पट्ट्यातली हकिगत सांगितली. जरा हळहळतील अशी आशा होती.

"सगळा माल एकाच बैलावर?"

"हो."

"अंगावर ठेवणीतलं घालून?"

"हो."

"मग लुटतील नाहीतर काय ओवाळतील?" आणि म्हणाले, "आम्ही रातच्या मानवतच्या बाजाराला गाड्या जुपायचो, तर अंगात फाटकी बंडी असायची."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून सगळ्यात स्वस्त झगे, स्वस्त जोडे, स्वस्त विळे असे पाच पाच नग घेऊन ठेवले. एक गेला की दुसरा. वहीत रीतसर खातं उघडलं. मिळकतीतला दहावा हिस्सा आधीच मरणासाठी काढून ठेवायचा. बुडीत व संशयित कर्ज निधी! ही तरतुदीची नोंद मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले, स्वतःसाठी पहिल्यांदाच केली. मे महिन्यात मी अकरा वेळा मेले आणि तरीही महिनाअखेर शिल्लक जमेची.

फाटक्या कपड्यांत खेळायला लागल्यावर छातीतली धडधड गेली आणि आजूबाजूचं दिसायला लागलं. घोडेस्वार समोरून येताना वाट वाकडी करून येत असेल तर तो तुमच्याकडंच येतोय, सरळ जात असेल तर त्याला स्वतःचीच घाई आहे. कापणाऱ्यानं सीमेच्या अंगानं कापावं, मधोमध जाऊ नये, म्हणजे पळायला वाट राहते. एका रात्री लाल पट्ट्यात एकजण झाडामागून निघाला. मी विळा टाकून उभी राहिले, म्हटलं, घे बाबा. त्यानं माझ्या झग्याकडं पाहिलं असावं. एक गोल चक्कर मारली आणि निघून गेला. इतका अपमान आणि इतका आनंद मला एका वेळी कधी झालेला नाही.

खेळ फार थोर आहे असं काही नाही. तासन्तास तेच ते कापणं आहे. काळ्या मुलखात टोळ्या करून बसलेली पोरं आहेत, मी तिकडं जात नाही आणि जाणारही नाही. नेटवर्क गेलं की माणूस जागच्या जागी थिजतं आणि परत येईपर्यंत आपण मेलेलेच असतो. भाच्याला आता दुसरा कुठला तरी खेळ लागलाय. माझ्या विळ्याला तो हसतो.

अण्णा गावी परतायच्या आदल्या संध्याकाळी मी हेम्प घेऊन निघाले. निम्माच घेतला, आणि लांबच्या रस्त्यानं. मृगाला चार दिवस होते, त्यांचं चित्त कधीच रानात गेलेलं. तरी दर दोन मिनिटांनी विचारत होते, "बैल कुठवर आला?"

"फोर्ट स्टर्लिंगच्या पुढं."

"पळवू नको त्याला."

पळवायचं कसं, ते मलाही ठाऊक नव्हतं. पिवळ्या पट्ट्यात एक घोडेस्वार थोडं अंतर मागं मागं आला आणि वळून गेला. लिमहर्स्टच्या वेशीतून आत शिरले तेव्हा बाहेर अंधार पडला होता, स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. बाजार उघडून पाहिला. भाव कालच्यापेक्षा पडलेला.

"पडला, अण्णा."

"पडणारच. आपला माल पोचला ना." त्यांनी चष्मा सारखा केला. "ठेवायला जागा आहे का तिथं?"

तिथं प्रत्येक शहरात बँक असते, तिच्यात माल कितीही दिवस ठेवा, कुणी काही म्हणत नाही. लहानपणी भाव वाढायची वाट बघत आमची पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली असायची आणि आम्ही भावंडं त्यावरच झोपायचो. शिवरात्र येईपर्यंत कधी कधी.

"आहे जागा."

"खाज नाही ना सुटत त्याची?"

"नाही."

"मग राहू दे की."