मीटरवरची लाल टिकली: मार्च ते मे

वीजबिल कमी करायला या खेपेला काहीही विकत आणायच्या आधी सरळ मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. आमच्या मीटरवर ३२०० इम्प छापलंय, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे, ११२५ ला त्या आकड्याने भागायचं, की वॅट हातात. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल तर ३६ लाखांना त्याने भागून जे येईल ते ११२५ च्या जागी घ्या.

दिवे-पंखे बंद, फ्रीजची पिन काढलेली, तरी टिकली दर ४१ सेकंदांनी लुकलुकतेच. २७ वॅट! कोणी काही वापरत नसताना महिन्याला १९ युनिट. आई ओट्यावरून म्हणाली, "मीटरले टक लावून काय पाह्यतो रे?" मी एकेक पिन उपटत गेलो. सेट टॉप बॉक्स काढल्यावर ७० सेकंद आले, म्हणजे तो रिमोटने ‘बंद’ असूनही ११ वॅट खात होता. बाकीचा इन्व्हर्टर आणि राउटर. भुसावळच्या मे महिन्यात इन्व्हर्टर बंद करायची माझी हिंमत नाही.

पंखे: हॉल आणि आईच्या खोलीतले ७५ वॅटचे काढून ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) बसवले. दोन्ही रोज १६ तास फिरतात, महिन्याला ४३ युनिट वाचले. एक लक्षात ठेवा, हे पंखे जुन्या रेग्युलेटरवर जोडायचे नाहीत, सरळ बटणावर घ्यायचे. आमचा जुना रेग्युलेटर तो मोठा डब्यासारखा होता, हात लावला की कोमट लागायचा. पंखा हळू केला तरी वीज तिथे तापण्यात जात होती, आणि आम्ही वर्षानुवर्षं त्याला काटकसर समजत होतो.

आता गच्ची. छत कमी तापावं म्हणून मार्चच्या शेवटी चुना मारला, पण फेविकॉल न घालता. तिथेच फसलो. आठवड्याभरात पांढरी भुकटी सुटली, आणि त्याच गच्चीवर आईच्या ज्वारीच्या बिबड्या (पापडासारख्या) वाळत होत्या. वारा सुटला. बिबड्या तळल्यावर पहिला घास मीच खाल्ला. पुढचं सांगत नाही. एप्रिलमध्ये गच्ची घासून, चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात पुन्हा दिले. दुपारी ४ ला छताला आतून तापमापक लावला तर आधी ४३, आता ३८. रात्री कूलर तासभर आधी बंद होतो. कूलरचं पाणीही वाचतं, आणि नळ दिवसाआड असताना ते मला विजेहून मोठं वाटतं.

तुरीची डाळ कुकरच्या एका शिटीनंतर उतरवून गोधडीत गुंडाळतो. ४० मिनिटांत शिजते. हरभऱ्याच्या डाळीला जमलं नाही.

गेल्या मेचं बिल ३१२ युनिट, यंदा २५४. ३०० च्या वरचा चढा दर टळला, हा वेगळा आनंद. पंख्यांचे ४३, सेट टॉप बॉक्सचे ८, उरलेले ७ मी गच्चीच्या खात्यावर टाकलेत. बायकोचं म्हणणं, भाचे यंदा सुट्टीत आले नाहीत त्याचे ते ७.

संध्याकाळी पांढऱ्या गच्चीवर उभं राहिलं की दीपनगरच्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. आमचे ५८ युनिट तिथे कोणाच्या गावीही नसतील. जूनच्या पहिल्या पावसात चुना टिकतो का, ते पुढच्या नोंदीत. बिबड्या तोवर काकूंच्या गच्चीवर गेल्यात.