कॉइन सेलपेक्षा ग्लोव्ह बॉक्सचा स्लॉट अवघड

मी भंडाऱ्याची. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड सुक्या सेलसाठी जातं हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे पीएचडीला लिथियम बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडसाठी कोबाल्ट सोडून लिथियम मँगनीज ऑक्साइड घेतलं. पावडर भट्टीतून निघाली, एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या तपासणीत) स्वच्छ स्पिनेल, म्हणजे हवी तीच स्फटिकरचना दिसली, ॲल्युमिनियम फॉइलवर कोटिंगही झालं. पुढे नाण्याएवढे कॉइन सेल जोडायला ग्लोव्ह बॉक्स हवा, म्हणजे आर्गॉन वायूने भरलेली, हातमोज्यांतून आत काम करायची बंद पेटी, आणि तो आमच्या विभागात नाही.

बाहेरच्या एका संस्थेत फी भरून स्लॉट मिळतो. गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, सेफ्टी डेटा शीट, एक्सआरडीची प्रत, सगळं दिलं. खिडकीवर एकच उत्तर: "मेल येईल." मेल आला तो स्लॉट रद्द झाल्याचा, आर्गॉनचे सिलिंडर संपले म्हणून. नायट्रोजनवर भागत नाही हे मलाही कळतं. सेलमधला दुसरा इलेक्ट्रोड लिथियम धातूचा, तो नायट्रोजनलाही सोडत नाही, पट्टी काळवंडते. पण सिलिंडर संपत आलेत हे मीटरवर दिसतं ना? ते आले, तर आतला ओलावा १ पीपीएमच्या खाली येईना. "रीजनरेशन लावलंय, मॅडम." म्हणजे पेटीतला ओलावा शोषणारा भाग पुन्हा सुकवायला लावला. पुन्हा वाट. एवढ्या एका बाबतीत ऑपरेटरचा हट्ट योग्य होता. इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट पाण्याच्या अंशानेही फुटतं, हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं आणि ते माझ्याच ऑक्साइडमधलं मँगनीज विरघळवत बसतं.

तुम्हीही अशा स्लॉटची वाट पाहत असाल तर तोवर इलेक्ट्रोड, म्हणजे कोटिंग केलेली फॉइल, उघड्यावर ठेवू नका. स्लॉटच्या आदल्या रात्री व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १२० अंशांना पुन्हा सुकवा. फॉइलमधून कापलेल्या चकत्यांची वजनं आपल्या विभागाच्या लॅबमध्येच करून नंबर टाका, ग्लोव्ह बॉक्समध्ये काटा असेलच असं नाही. कोऱ्या फॉइलचीही तेवढीच चकती कापून तोला, नाहीतर पावडर किती हे कशावरून काढणार? टिश्यू पेपरही सुकवूनच न्या, तो फार ओलावा धरतो. आणि हो, कोटिंगचं राहिलं: लेपातलं द्रावक एनएमपी २०२ अंशांना उकळतं, म्हणजे ते सावकाश सुकणार. घाई केली की थराला भेगा पडतात. काम वाफा बाहेर खेचणाऱ्या फ्यूम हूडमध्येच करा.

शेवटी सेल जोडले. मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या वर आकडा दिसला तेव्हा मी ऑपरेटरकाकांना चहा पाजला. चार्जिंगच्या आलेखात ४ आणि ४.१५ व्होल्टच्या आसपास दोन पायऱ्या, अगदी पुस्तकात असतात तशा. या ऑक्साइडची सैद्धांतिक क्षमता १४८ मिलीअँपिअर-तास प्रति ग्रॅम. माझे सेल त्याच्या खाली आहेत, पण लाज वाटावी इतके नाहीत.

रद्द झालेल्या स्लॉटची फी पुढच्या बिलात वळती करू म्हणाले होते. बिल आलं, पूर्ण रकमेचं.