तापमापीवर दोन

आमच्या कॅन्सर विभागात नव्या पेशंटच्या हाती एक कागद देतात. थर्मामीटरचं चित्र, शून्य ते दहा आकडे. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, तिथे खूण करायची. चार किंवा त्याच्या वर गेली की पेशंट माझ्याकडे, समुपदेशनाला. काकूंनी दोनवर केली होती. "ताप नव्हताच मला," हे त्यांनी नंतर सांगितलं.

त्यामुळे भेट व्हायला उशीर झाला. स्तनाचा कॅन्सर, लाल औषधाच्या, म्हणजे डॉक्सोरुबिसिनच्या, चार सायकली, दर २१ दिवसांनी. तीन झाल्या, चौथीला काकू गेटवरूनच माघारी गेल्या. काका वैतागले होते. "मन घट्ट कर म्हणतोय, तर ऐकंना."

काकांना चहाला पाठवलं.

"ताई, स्टँडवर एसटीतनं उतरलं की पोटात ढवळतंय. सुई टोचायच्या आधीच उलटी. आलेपाकाची वडीबी आता नको वाटती."

आलेपाक कुठून आला? मळमळ थांबावी म्हणून केमो चालू असताना त्या तोच तोंडात ठेवायच्या! शरीराने लाल रंग, स्पिरिटचा वास, आलेपाक, सगळ्याची उलटीशी गाठ मारली होती. म्हटलं, "काकू, दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. भित्रेपणा नाही हा." असं पुष्कळांना होतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आमचीच चूक.

डॉक्टरांनी आदल्या रात्रीसाठी लोराझेपामची, म्हणजे मनाची धास्ती कमी करणारी, गोळी दिली. मी हातपाय आवळून सैल सोडायला शिकवलं. सिस्टरनी कॉट बदलली, लाल सिरिंज हिरव्या कापडाखाली झाकली. औषध जाताना बोलतं ठेवायचं होतं, म्हणून मी कांदा-लसूण चटणी कशी करता विचारलं आणि जीभ चावली. चटणीही लालच!

काकूंचं लक्ष नव्हतं. "दोन किलो ब्याडगी, अर्धा किलो संकेश्वरी. खोबरं तांबूस होईस्तवर भाजायचं, काळं नाही. मिरची डंकावर न्यायची, मिक्सरला नाही… लिहून घ्या की."

मी केस पेपरच्या मागेच लिहायला लागले. कापडाखालून सिस्टरचा अंगठा हळूहळू पुढे सरकत होता.

उलटी झालीच, पण संध्याकाळी, घरी गेल्यावर. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. मी धास्तावले.

"काय नाही ओ. ही विचारतीया, धनं किती लिहिलंय? अर्धा किलो नव्हं, पाव."