चुकलेला पाय कानाला कळला

चौदा वर्षांखालच्या फुटबॉल संघाची शारीरिक तयारी माझ्याकडे आहे. या वयात एक गोष्ट हमखास आडवी येते. उंची झपाट्याने वाढते आणि स्वतःच्या शरीराचा अंदाज मागे राहतो. वाढीचा हा जोर मुलींमध्ये साधारण 12व्या वर्षाच्या आगेमागे आणि मुलांमध्ये 14व्याच्या आसपास सर्वाधिक असतो. मागच्या हंगामात सहज वळणारा मुलगा या हंगामात वळताना अडखळतो. आमचा सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधला खेळाडू, त्यातलाच. हेडिंगसाठी, म्हणजे डोक्याने चेंडू मारायला, छान उठायचा, पण खाली उतरताना त्याचे गुडघे आत झुकायचे आणि लगेच दुसऱ्या बाजूला धावायचं झालं की दोन पावलं सावरण्यात जायची.

सरावाआधी आम्ही फिफाचा '11+' हा वॉर्मअप घेतो. तीन भाग, 15 व्यायाम, सगळं मिळून साधारण 20 मिनिटं. पहिला आणि शेवटचा भाग धावण्याचा, तो मुलं आनंदाने करतात. मधला भाग ताकद, तोल आणि उड्यांचा. माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच, आणि मुलांचं लक्ष उडतं तेही तिथेच. एका पायावर उभं राहा म्हटलं की गप्पा सुरू होतात. म्हणून या मधल्या भागात लेझीम आणून पाहायचं मी ठरवलं आणि अनेक वर्षं लेझीम शिकवणाऱ्या एका गुरुजींना मैदानावर बोलावलं.

गुरुजींनी सुरुवातीला एकालाही पाय उचलू दिला नाही. जागच्या जागी 'चार आवाज', पुन्हा चार आवाज. साखळीतल्या चकत्या एकदम वाजेपर्यंत पुढे जायचं नाही. मग पवित्रा, मग दोन दिशांचा दो रुख, मग चारही दिशांना फिरत जाणारा चौ रुख आणि त्यातल्या बैठका. हलगीचा ठेका अगदी संथ होता. तरीही यो-यो टेस्टमध्ये, म्हणजे दमाच्या चाचणीत, 20 मीटरच्या फेऱ्या ताकदीने मारणारी मुलं बैठकांमध्ये घामाघूम झाली. कारण सरळ आहे. खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो, आणि ठेका संथ असेल तर तो भार जास्त वेळ पेलावा लागतो. धावताना दमलेला मुलगा हळूच वेग कमी करतो, इथे मात्र शेजारचा खाली बसला की यालाही बसावंच लागतं. फुटबॉलमध्ये वेग मारून थांबताना आणि उडीनंतर उतरताना नेमकी हीच ताकद लागते.

मग गुरुजी मुलांकडे पाठ करून उभे राहिले. ठेका चालू होता. दोन आवर्तनं ऐकली आणि न वळताच म्हणाले, "शेवटच्या रांगेत, डाव्या बाजूला, कोण उशिरा उतरतोय?"

तिथे आमचा सेंटर बॅक होता.

मी त्याच्यासमोरच उभा होतो आणि मला काही दिसलं नव्हतं. गुरुजींनी समजावलं तेव्हा लक्षात आलं. तोल जायला लागला की कंबरेवरचं शरीर पुढे झुकतं, हात तोल सांभाळायला धावतात आणि लेझीमचा ठोका मागे पडतो. वीस-बावीस मुलांचे गुडघे एका नजरेत कुठल्याच प्रशिक्षकाला मावत नाहीत. आवाज मात्र सगळ्यांचा एकत्र येतो आणि त्यात बिघडलेला ठोका वेगळा पडतो. शिवाय तो त्या मुलालाही ऐकू येतो. मी मागून ओरडून सांगायच्या आधीच त्याला स्वतःची चूक कळलेली असते. इतकी तत्काळ सूचना देणारा दुसरा व्यायाम माझ्या पाहण्यात नाही.

"पायाकडे बघू नकोस बाळा," गुरुजी त्याच्याजवळ जाऊन म्हणाले. "मान वर ठेव. शेजारच्याचा आवाज ऐक आणि त्याच्याबरोबर बस."

मान वर ठेवायला मीही त्याला नेहमी सांगतो. पण चेंडू पायाशी असला की मान आपोआप खाली जाते, आणि इथे खाली बघण्यासारखं काही नव्हतंच. काही आवर्तनांनी त्याचा ठोका इतरांत मिसळला. गुडघेही पावलांच्या रेषेत राहिले, हे मी वाकून, नीट पाहून घेतलं.

एका बाबतीत आमचं जमेना. संघातल्या एका मुलाला गुडघ्याच्या वाटीखाली, हाडाच्या उंचवट्यावर दुखतं. वाढत्या वयातल्या खेळाडूंना होणारा हा त्रास ऑसगुड-श्लॅटर म्हणून ओळखला जातो. त्याने अर्धीच बैठक घ्यावी, असं मी म्हटलं. "अर्धी बैठक म्हणजे बैठकच नाही," असं गुरुजींचं म्हणणं. त्यांच्या शिस्तीबद्दल मला आदर आहे, पण दुखणाऱ्या गुडघ्यावर पूर्ण भार टाकायला मी तयार नव्हतो. शेवटी गुरुजींनीच तोड काढली. त्याला बैठका वगळून फक्त दो रुख दिला आणि इतरांच्या बैठकांच्या वेळी हलगी त्याच्या हातात दिली. तो खूश झाला.

त्याच संध्याकाळी मी हलगी चालू ठेवून पास देणं आणि वळणं यांचा सराव घेतला. सामन्यात खेळाडूची हालचाल सरासरी दर चार ते सहा सेकंदांनी बदलते: चालणं, धाव, थांबणं, उडी. ठेका चालू असताना मुलं वळण्याआधी छोटं पाऊल घेऊ लागली. हे छोटं पाऊल शिकवायला एरवी मला फार बोलावं लागतं.

लेझीमने सगळं साधतं असं मी म्हणणार नाही. पूर्ण वेगाची धाव त्यात नाही. मांडीच्या मागच्या स्नायूलाही पुरेसा भार मिळत नाही. म्हणून नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा (गुडघ्यांवर राहून शरीर हळूहळू पुढे झुकवण्याचा) व्यायाम मी काढलेला नाही आणि स्प्रिंटही तसेच ठेवले आहेत. लेझीम गवतावरच घेतो, सिमेंटवर नाही. दुगण, म्हणजे ठेक्याची दुप्पट गती, कधी घ्यायची हे मात्र गुरुजी ठरवतात. रांगेतला एकही ठोका वेगळा ऐकू आला, तर त्या दिवशी ठेका वाढत नाही.